नदीवरचा प्रकाश

काही चित्रे पाहताक्षणीच आपले सारे मनोगत सांगून मोकळी होतात. एखाद्या चित्रात राजाचा दरबार भरलेला असतो, एखाद्यात रणधुमाळी चाललेली असते, एखाद्यात वादळात सापडलेले गलबत लाटांशी झुंजत असते. आपण ते पाहतो, क्षणभर थक्क होतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. परंतु काही चित्रे अबोल असतात. त्यांच्यासमोर थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे, आपणही अबोल व्हावे, तेव्हा कुठे ती हळूहळू आपल्याशी बोलू लागतात. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९७ साली रंगवलेले सीन नदीचे एक चित्र अशा अबोल चित्रांपैकी आहे. मूळ चित्र अमेरिकेत शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. माझ्या संग्रही आहे ती त्याची एक साधी छापील प्रत. पण ती मी आजवर इतक्या वेळा पाहिली आहे, की त्या नदीकाठची झाडे मला आता ओळखीची वाटतात.

चित्रात काय आहे, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण जाते. त्यात नाव नाही, नावाडी नाही. घाट नाही, पूल नाही. पाण्यावर आलेले एखादे गुरूदेखील नाही. जिव्हर्नी नावाच्या खेड्याजवळ सीन नदीचा एक शांत फाटा आहे. त्याच्या काठची झाडे पाण्यावर ओणवी झाली आहेत. वेळ पहाटेची आहे आणि नदीवर धुके उतरले आहे. एवढेच! जवळची झाडे जरा गडद, निळसर दिसतात. त्यांच्या पलीकडची फिकी, जांभळट. आणि त्याहूनही दूरची इतकी पुसट, की ती झाडे आहेत की धुक्याचेच पुंजके आहेत, याचा निर्णय होत नाही. मध्ये आकाशाचा एक फिका, उजळ तुकडा आहे. खाली पाण्यात ही सारी सृष्टी पुन्हा एकदा उमटली आहे. काठ कोठे संपतो आणि पाणी कोठे सुरू होते, हे दाखवणारी ठसठशीत रेघ चित्रकाराने कोठेच ओढलेली नाही.

एकदा मी ती प्रत मुद्दाम उलटी धरून पाहिली. नदी वर गेली, आकाश खाली उतरले, आणि तरीही चित्र मोडले नाही! जणू हेही एक वेगळे नदीचित्रच आहे, असे मला क्षणभर वाटले. खरी झाडे कोणती आणि पाण्यातली कोणती, हे ओळखायला मला पुन्हा एकवार नीट निरखून पाहावे लागले. पहाटे नदीकाठी उभे राहिलेल्या माणसाची अशीच अवस्था होत असली पाहिजे. वारा नाही, पाण्यावर एकही तरंग नाही. अशा वेळी नदी आरशासारखी होते आणि आरशाला स्वतःचे रूप कोठून असणार?

हे चित्र वारंवार पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यात झाडे आहेत, पाणी आहे. परंतु चित्रकाराचे सारे लक्ष लागले आहे ते झाडे आणि आपण यांच्यामध्ये जे काही आहे त्याकडे. मध्ये काय असते? आपण चटकन म्हणू, ‘काहीच नाही, मोकळी जागा.’ पण ती जागा मोकळी नसते. तेथे हवा असते, हवेत ओलावा असतो आणि त्या ओलाव्यातून वाट काढत प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येत असतो. रात्री नदीवरची हवा निवते. नदीचे पाणी मात्र तितक्या लवकर निवत नाही. त्या उबदार पाण्याची वाफ थंड हवेत मिसळली, की तिचे अतिसूक्ष्म जलबिंदू बनतात आणि पाण्यावर तरंगत राहतात. आपण त्यांना धुके म्हणतो. या असंख्य बिंदूंवर प्रकाश पडतो आणि चहूकडे विखुरतो. झाडाकडून आपल्याकडे निघालेला प्रकाश वाटेतच पांगतो आणि त्याच्या जागी धुक्याचा पांढुरका उजेड डोळ्यांत शिरतो. झाड जितके दूर, तितके मधले जलबिंदू अधिक; म्हणून दूरचे झाड अधिक फिके. मोनेने रंगवला आहे तो हा मधला पडदा. हवा ही अदृश्य वस्तू आहे, असे आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. आणि येथे एक मनुष्य ती अदृश्य वस्तूच कापडावर उतरवू पाहतो आहे!

हे काम वाटते तितके सोपे नाही. पाण्याचा रंग कोणता, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले सांगतील, ‘निळा.’ पानांचा? ‘हिरवा.’ सावलीचा? ‘काळा.’ ही उत्तरे देण्यासाठी कोणालाही खिडकीबाहेर पाहावे लागत नाही. ती आपल्याला पाठच असतात. किंबहुना, ती पाठ असतात म्हणूनच आपण पाहत नाही. मोनेच्या शेजारी लिला कॅबट पेरी नावाची एक अमेरिकन चित्रकर्ती काही वर्षे उन्हाळ्यात राहत असे. तिने पुढे आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. चित्र काढायला बसताना समोर झाड आहे, घर आहे, शेत आहे, हे विसरून जावे आणि रंगांचे जे तुकडे डोळ्यांना दिसतात तेवढेच त्या त्या जागी ठेवत जावेत, असा उपदेश मोने तिला करीत असे. आपण जन्मतः आंधळे असतो आणि मग एकाएकी आपल्याला दृष्टी आली असती, तर फार बरे झाले असते, असेही तो म्हणे. किती विलक्षण इच्छा ही! पण तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्याला नुकतीच दृष्टी आली आहे, त्याला ‘झाड’ हे नाव ठाऊक नसते. त्याला दिसतो तो केवळ रंग. पहाटेच्या धुक्यात झाड जांभळे दिसत असेल, तर तो ते मुकाट्याने जांभळे म्हणेल. ‘झाड हिरवेच असले पाहिजे’ असा हट्ट तो धरणार नाही.

असे पाहायला मोने एका दिवसात शिकला नव्हता. त्याचा जन्म १८४० साली पॅरिसमध्ये झाला. पण त्याचे बालपण गेले ते ल हाव्र या बंदरात. सुमारे ७७७ किलोमीटरांचा प्रवास करून सीन नदी याच ठिकाणी समुद्राला मिळते. तेथे यूजेन बूदाँ नावाच्या चित्रकाराने या तरुण मुलाला आपल्याबरोबर उघड्यावर चित्रे काढायला नेले. त्या काळी बहुतेक चित्रकार बाहेर जाऊन केवळ टिपणे करीत आणि मोठे चित्र घरी येऊन खोलीत पुरे करीत. आता मात्र बाहेरच चित्र पुरे करणे शक्य झाले होते. कारण १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने तैलरंग भरून ठेवण्यासाठी पातळ धातूची दाबता येणारी नळी शोधून काढली होती. रंगाच्या नळ्या पिशवीत घालाव्यात, घोडी खांद्यावर टाकावी आणि नदीकाठ गाठावा! एवढ्याशा नळीने चित्रकाराला खोलीबाहेर काढले, असे म्हटले तरी चालेल.

१८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि त्याचा मित्र रेन्वार पॅरिसजवळ सीनच्या काठी शेजारी शेजारी बसून चित्रे काढीत होते. ती चित्रे आज पाहिली म्हणजे गंमत वाटते. पाण्यावर नावा आहेत, काठावर माणसांची गर्दी आहे आणि सारे पाणी हेलकावते आहे. हा हेलकावा दाखवायला मोनेने रंगाचे रुंद, आडवे, तुटक फटकारे ओढले. एक फटकारा आकाशाचा, दुसरा झाडांच्या सावलीचा, तिसरा नावेचा. जवळून पाहिले तर नुसते पट्टे. चार पावले मागे सरकले, की पाणी डुचमळू लागते! पुढे पॅरिसजवळच्या आर्जांतय गावी राहत असताना त्याने एक नावच विकत घेतली, तिच्यावर एक लहानशी खोली बांधली आणि तो नदीत बसूनच नदी रंगवू लागला. काठावरून दिसणारी नदी आणि पाण्याच्या पातळीवरून दिसणारी नदी यांत मोठे अंतर असते, हे त्याला कळून चुकले होते.

लोकांना मात्र ही चित्रे चित्रेच वाटत नव्हती. १८७४ साली मोने आणि त्याचे मित्र यांनी पॅरिसमध्ये आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यात ल हाव्रच्या बंदरातील सूर्योदयाचे मोनेचे एक चित्र होते आणि त्याच्या नावात ‘इम्प्रेशन’ हा शब्द होता. इम्प्रेशन म्हणजे डोळ्यांवर उमटलेला ठसा. लुई लरवा या टीकाकाराने तो शब्द उचलला आणि या साऱ्या मंडळींची यथेच्छ टर उडवली. भिंतीला चिकटवायचा नक्षीचा कागदसुद्धा या चित्राहून अधिक पुरा असतो, असा त्याच्या लेखाचा सूर होता. पण थट्टेत दिलेले ते नावच पुढे त्या चित्रपद्धतीला कायमचे चिकटले. मराठीत आपण तिला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. नाव जड आहे खरे. अर्थ साधा आहे. डोळ्यांना या क्षणी जसा प्रत्यय येतो, तसा तो प्रामाणिकपणे मांडायचा.

प्रामाणिकपणाची किंमत पुष्कळदा मोठी असते. मोनेची चित्रे विकली जाईनात. १८७८ साली तो सीनच्याच काठी व्हेतॉय या गावी राहायला गेला, तेव्हा त्याच्या घरात दारिद्र्य होते आणि पत्नी कामीय आजारी होती. सप्टेंबर १८७९ मध्ये ती वारली. दोन लहान मुले मागे राहिली. त्या वर्षीचा हिवाळा इतका कडक होता, की सीन नदी गोठून गेली. आणि जानेवारी १८८० मध्ये बर्फ एकाएकी फुटून त्याचे मोठमोठे तुकडे पाण्याबरोबर वाहू लागले. मोने त्या कडाक्याच्या थंडीत नदीकाठी गेला आणि ते फुटलेले बर्फ त्याने एकामागून एक अनेक चित्रांत रंगवले. राखाडी आकाश, उघडीबोडकी झाडे, संथ पाण्यातून चाललेले पांढरे तुकडे. त्या चित्रांत कोठेही माणसाचे दुःख दाखवलेले नाही. पण हाताशी दुसरे काहीच उरले नाही, तेव्हाही त्या माणसाने आपले पाहण्याचे काम सोडले नाही, हे ध्यानात येते आणि माझे मन त्या चित्रांपाशी रेंगाळत राहते.

१८८३ साली तो जिव्हर्नीला आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. एप्त नावाची एक लहानशी नदी जेथे सीनला मिळते, तेथून जवळच आपल्या चित्रातील तो शांत फाटा आहे. १८९६ साली मोनेने तेथल्या पहाटेची चित्रे काढायला आरंभ केला. तोवर त्याचे वय पंचावन्न वर्षांचे झाले होते, कीर्ती पसरली होती, पैशाची चिंता मिटली होती. आता थोडे उशिरा उठले असते तरी कोणी बोल लावला नसता! पण तो पहाटे साडेतीनला उठे. अंधारातच नदीवर जाई. तेथे एक रुंद, सपाट तळाची नाव बांधून ठेवलेली असे. ती त्याची चित्रशाळा. सोबत एक मदतनीस असे आणि चित्रे एक-दोन नव्हे, तब्बल चौदा असत! ऑगस्ट १८९७ मध्ये मोरिस गिय्यमो हा पत्रकार त्याच्याबरोबर तेथे गेला होता. त्याने हे सारे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले आहे.

चौदा चित्रे एकाच वेळी कशाला? कारण प्रकाश थांबत नाही. पहिल्या चित्रात अजून अंधुक आहे. झाडे निळ्याकाळ्या ढिगांसारखी आहेत. थोडा वेळ जातो, पूर्वेकडे फटफटते, धुके उजळते. लगेच पहिले चित्र बाजूला ठेवायचे आणि दुसरे घोडीवर चढवायचे. मग आकाशात गुलाबी छटा येते. सूर्य क्षितिजापाशी असतो, तेव्हा त्याच्या प्रकाशाला हवेचा फार जाड थर ओलांडावा लागतो. त्या वाटेत निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि तांबूस तेवढा उरतो. आता तिसरे चित्र. नंतर ऊन वाढते, धुके विरते, पाने हिरवी होऊ लागतात. चौथे, पाचवे... अशी ती पहाट संपे. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेतीनला उठायचे आणि पहिल्या चित्रासाठी पहिल्या उजेडाची वाट पाहायची. तसाच उजेड आला तर त्यात चार फटकारे भरायचे. आकाश ढगाळले, तर ते चित्र तसेच अपुरे ठेवायचे. १८९६ च्या उन्हाळ्यात पाऊस फार झाला आणि काम अर्धवट राहिले. मोनेने पुढच्या वर्षाची वाट पाहिली आणि १८९७ मध्ये तीच चित्रे पुन्हा हाती घेतली. १८९८ साली पॅरिसमध्ये ती लोकांनी पाहिली.

नदीची तीच जागा, तीच झाडे, तोच फाटा! जागा बदलली नाही म्हणूनच वेळ किती बदलते, हे त्या चित्रांत लख्ख दिसते. त्यांचे आकारही बहुधा चौरसाच्या जवळ जाणारे आहेत. शिकागोच्या चित्राची प्रत्येक बाजू सुमारे ९० सेंटिमीटर आहे. तरुणपणी ज्याने पाण्यावर तुटक, ठसठशीत फटकारे मारले होते, त्याच हाताने येथे रंग इतका मऊ, इतका सलग पसरला आहे, की फटकारा शोधावा लागतो. हाताची सवय त्याने नदीवर लादली नाही. नदी डुचमळत होती, तेव्हा त्याचा हात डुचमळला. नदी निवांत झाली, तेव्हा हातही निवांत झाला.

या सगळ्या गोष्टी ठाऊक झाल्यावर ते चित्र मला पूर्वीसारखे रिकामे दिसत नाही. त्यात नावाडी नाही, हे खरे. पण ते सारे दृश्य एका नावेतून दिसते आहे आणि त्या नावेत थंडीने गारठलेली बोटे फुंकरीने ऊब देत एक मनुष्य बसला असेल, असे मला वाटते. त्याच्यापाशी फार तर काही मिनिटे आहेत. धुके विरण्यापूर्वी जेवढे दिसेल तेवढे टिपून घ्यायचे आहे. आपल्याला वाटते, पहाट काय, रोजच होते! त्याला मात्र ठाऊक होते, की आज झाली ती पहाट पुन्हा होणार नाही.

पुढे त्याच्यावर मोठाच प्रसंग आला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागले. १९१२ साली वैद्यांनी तसे निदान केले. ज्या डोळ्यांनी धुक्यातले सात प्रकारचे निळे रंग निवडले असतील, त्या डोळ्यांना जवळचे रंगही गढूळ दिसू लागले. तरी तो रंगवीत राहिला. १९२३ साली एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, चष्मे आले, त्या चष्म्यांशी झगडत तो पुन्हा कामाला लागला. ५ डिसेंबर १९२६ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जिव्हर्नीतच त्याने डोळे मिटले.

तुमच्या गावाजवळ नदी असेल, ओढा असेल, निदान एखादे तळे तरी असेलच. एखाद्या दिवशी लवकर उठून तेथे जा. रंगपेटी नसली तरी चालेल. पाण्याला निळे म्हणण्याची घाई करू नका. त्यात किती रंग सापडतात ते मोजा. पलीकडच्या काठावरचे झाड आणि अलीकडचे झाड यांच्या हिरवेपणात काय फरक आहे, तो शोधा. मग तासाभराने त्याच जागी उभे राहून पुन्हा पाहा. पहिल्या खेपेला मोजलेल्या रंगांपैकी कितीतरी तोवर निघून गेलेले असतील आणि त्यांच्या जागी दुसरेच आलेले असतील. सीन नदीवर १८९७ साली उतरलेले ते धुकेही त्याच दिवशी विरून गेले. ते आज आपल्याला पाहायला मिळते, कारण त्या पहाटे एक मनुष्य जागा होता.